पाळणाघर भत्ता आणि सावंतकाकूंचं पत्र

ओमानमध्ये पगारावर आयकर नाही, त्यामुळे करसवलतीचा अर्ज भरताना होणारी फजितीही आमच्या नशिबात नव्हती. ती उणीव कंपनीने भरून काढली. नवरा-बायको दोघंही नोकरी करत असतील, तर पाच वर्षांखालच्या मुलासाठी पाळणाघर भत्ता!

आमची इरा तीन वर्षांची. माझी बायको सायली मस्कतच्या कुरुम भागातल्या एका दवाखान्यात साडेपाचपर्यंत, मी ऑफिसात तीनपर्यंत. म्हणजे आम्ही पात्र! फक्त इरा पाळणाघरात जात नव्हती. अल् घुब्रात आमच्या वरच्या मजल्यावर सावंतकाकू मुलाकडे राहतात, कुडाळच्या निवृत्त मुख्याध्यापिका. इराला त्याच सांभाळतात, आणि पैशांचं नाव काढलं की डोळे वटारतात.

"पोराक सांभाळूचे पैशे? मी काय दुकान मांडलंय?"

"भत्ता मिळाला की काकूंना शिलाई मशीन घ्यायचं," सायलीने जाहीर केलं. "दोन वर्षं त्या आपल्यासाठी राबतायत. अर्जात घोळ घालू नकोस!" (घोळ मीच घालणार, हे आमच्या घरात गृहीत असतं.)

पाळणाघर नाही, शेजारच्या काकू सांभाळतात, असं सांगितल्यावर ऑफिसात अर्ज तपासणाऱ्या मरियम मॅडम म्हणाल्या, "नो प्रॉब्लेम. सांभाळणाऱ्या बाईंचं पत्र आणा. मुलं किती, वेळ काय, सगळं लिहून."

काकूंनी पत्र दिलं ते डिंकाने चिकटवलेल्या पाकिटात. वर लाल शाईत 'गोपनीय'!

"काकू, एकदा वाचू का?"

"मुख्याध्यापकाचो अहवाल कोण फोडून बघता? खरां ताच लिवलंय."

मी भाबडेपणाने पाकीट तसंच मॅडमच्या हातात दिलं. त्या वाचता वाचता थांबल्या.

"मिस्टर मंदार, तुम्हाला मुलं किती?"

"एकच!"

"इथे दोन लिहिली आहेत."

मला एसीत घाम फुटला. खोटी माहिती म्हणजे भत्ता गेला, मशीन गेलं, कदाचित नोकरीही खलास! तेवढ्यात मॅडमनी पत्र मोठ्याने वाचायला घेतलं. (काकूंचं इंग्रजी खणखणीत. आजूबाजूच्या चार टेबलांना एक शब्द चुकला नाही.)

"पहिलं मूल, इरा. सकाळी साडेसहा ते संध्याकाळी साडेपाच. ताटातलं सगळं संपवते. शेरा: उत्तम. दुसरं मूल, मंदार, वय एकोणचाळीस. दुपारी साडेतीन ते साडेपाच. जेवून सोफ्यावर झोपतो. कारल्याची भाजी ताटाखाली लपवतो. उठवल्यास कुरकुर करतो. शेरा: प्रगती नाही."

चारही टेबलं खो खो हसत सुटली.

"हे खरं आहे?" मॅडमनी विचारलं.

"हो, पण कारलं फक्त दोनदा!"

मॅडमनी डोळे पुसले आणि सही ठोकली. "इतकं प्रामाणिक पत्र या टेबलावर कधी आलं नव्हतं. पहिलं मूल मंजूर. दुसरं वयात बसत नाही."

मशीन आलं. काकू आधी आम्हा दोघांवर कडाडल्या, मग पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "इराच्या नावाचां म्हणान घेतंय हां!" मला त्या दिवशी इतका आनंद झाला, की मी कारलं मागून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मशीनवर पहिलीच वस्तू शिवली. लाळेरं.

"आजी, मी बिग गर्ल आहे! आय डोन्ट नीड इट!" इरा रुसली.

"तुज्यासाठी कोण शिवता गो?" काकू म्हणाल्या.

मला ते अगदी मापात बसलं!