एकोणचाळीस पूर्णांक सहा म्हणजे किती?

मी सातवी पास आहे, आणि हे मी आजही कुणी न विचारता सांगते. कुणाला हसायचं असेल त्यानं खुशाल हसावं. रेवसच्या बाजूला आमचा कोळीवाडा, तिथं त्या काळी सातवी झालेली सून मी एकटी. सासरी पहिली तीन वर्षं त्या सातवीचा उपयोग टोमणे खाण्यापलीकडे काही झाला नाही. भाकरी करपली की सासूबाई म्हणायच्या, "बुकात व्हती का गो अशी भाकर?" मी तरी कुठं गप्प बसणारी! "बुकातली चांगली व्हती आत्या, ही तुमच्या चुलीची हाय." की झाला दिवसभराचा अबोला.

स्वातंत्र्य मिळून दहा-बारा वर्षं झाली असतील. माझी धाकटी जाऊ पहिल्यांदा गरोदर होती. पोरगी गुणी, माझ्यावर फार जीव. वैशाखात तिला तपासायला उरणला नेलं. खाडी ओलांडली की उरण, तासाभराचा पाण्याचा रस्ता. मला वाचता येतं म्हटल्यावर तिथल्या डॉक्टरांनी माझ्याच हातात थर्मामीटर ठेवला आणि बजावलं, "बाळंतपणानंतर ताप आला तर मोज. एकशे तीनच्या आत असला तर घरीच ठेव, पेजपाणी दे, होडीत घालून हिसके देऊ नकोस. एकशे तीनच्या वर गेला तर मात्र एक घटकासुद्धा थांबू नकोस." मी ते तिथंच दोनदा म्हणून दाखवलं. थर्मामीटरवर अठ्ठ्याण्णव पूर्णांक चारला एक लाल बाण होता, ती निरोगी माणसाची खूण.

श्रावणात ती बाळंत झाली. मुलगा झाला, सगळं कसं सुरळीत. पाचव्या दिवशी पाचवी पुजायची म्हणून सासूबाईंनी बाळंतिणीच्या खोलीतली झाडून सगळी भांडीकुंडी उकळत्या पाण्यात घातली. बाळंतपणाचा विटाळ, सुवेर, कशाला राहू द्यायचा? मी विहिरीवर गेलेली. परत आले तर वाट्या, पळ्या, तांब्या सगळं उन्हात मांडलेलं आणि हंड्याच्या तळाशी माझा थर्मामीटर, तडकलेला, पारा थेंबथेंब झालेला. मी कपाळावर हात मारला. सासूबाई म्हणाल्या, "ताप मोजायची ना ती? मंग तिला ऊन पानी सोसवंना व्हय?" हसावं की रडावं कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावेचं अंग तापलं.

हात लावला तर चटका बसत होता. पण हाताला एकशे दोन आणि एकशे चार सारखेच लागतात, हे मला तोवर कळलं होतं. धावत शेजारच्या चाचीकडे गेले. तिचा मुलगा परदेशी आगबोटीवर खलाशी होता, त्यानं तिकडून एक थर्मामीटर आणून दिलेला मी पाहिला होता. चाचीनं पेटी उघडली, कापसातून तो काढला आणि म्हणाली, "घेऊन जा बेटा, अल्ला खैर करो. पण त्यावर काय लिहिलंय ते माझ्या लेकालाच ठाऊक."

जावेच्या जिभेखाली लावला आणि दारातल्या उजेडात धरून वाचला. एकोणचाळीस पूर्णांक सहा.

पस्तीसपासून बेचाळीसपर्यंतचे आकडे, एकशे तीन कुठंच नाही! सासूबाईंनी लगेच निकाल दिला. "विलायतची मानसं बर्फात ऱ्हातात, त्यांचं अंग थंड. त्यांच्या नळीला आपला ताप काय कलनार?" दीर म्हणाला, नळी बिघडली असेल. सासरे ओटीवर फाटलेलं जाळं तुणत बसले होते, त्यांनी मान वर केली नाही. सासरे म्हणजे तांडेल, होडीचे धनी, घरात त्यांचाच शब्द. मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "मामा, उरणला न्यायला लागंल बहुतेक."

ते "बहुतेक" माझ्या तोंडून कुठून गेलं! त्यांनी सुई खाली ठेवली. "बहुतेक?"

त्यांचं चुकलं नव्हतं. नारळी पौर्णिमेला चार दिवस होते. पावसाळाभर होड्या किनाऱ्यावर माडाच्या विणलेल्या झापांखाली असतात. पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय कोळी होडी पाण्यात लोटत नाही. लोटली तर पुढं वर्षभर वाड्यात जे वाईट घडेल ते त्या घराच्या माथी. माणसं पलीकडे नेणाऱ्या तरीची फेरीही पावसाळ्यात बंद. जमिनीनं जायचं तर खाडीला वळसा घालून चिखलातून डोलीत, सगळा दिवस. आणि ताप एकशे तीनच्या आत असला तर ओल्या बाळंतिणीला लाटांवर आपटत नेऊन मीच मारायची. "नक्की सांग," सासरे म्हणाले. "तू सांगशील तसं करीन. पन नक्की सांग."

असं ते मला पहिल्यांदा म्हणाले. आनंद मानायला वेळ कुठं होता!

शाळेत सृष्टिज्ञानात हे गणित होतं. दोन प्रकारचे अंश, एक सेंटिग्रेड, एक फॅरनहाइट. नवानं गुणायचं, पाचानं भागायचं, बत्तीस मिळवायचे. पण कशाच्या आधी काय? चुलीतला कोळसा घेतला आणि ओटीच्या फरशीवर बसले. आधी बत्तीस मिळवले, मग गुणलं, मग भागलं. आलं एकशे अठ्ठावीसच्याही वर! डॉक्टरांचा थर्मामीटर एकशे दहालाच संपत होता. जाऊ कण्हत होती, सासूबाई बाळाला घेऊन रडत होत्या, आणि मी बावळटासारखी कोळसा धरून. स्वतःचाच इतका राग आला की पदरानं ते सगळं पुसून टाकलं.

दुसऱ्यांदा आधी गुणलं, मग भागलं, मग बत्तीस मिळवले. एकशे तीन आणि वर पाव अंशाहून थोडं जास्त. हे बरोबर वाटत होतं. पण वाटण्यावर होडी लोटायची? पहिलंही मला घटकाभर बरोबरच वाटलं होतं.

मग डोक्यात आलं. निरोगी माणसाचा आकडा तर मला पाठ आहे, अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार! घरात निरोगी माणसं काय कमी होती? मी थर्मामीटर धुतला, झटकला आणि म्हटलं, "मामा, तोंड उघडा."

सासूबाई "अगं बाय!" करून किंचाळल्या. सुनेनं सासऱ्याला तोंड उघड म्हणायचं! पण त्यांनी उघडलं. तो दर्यावर दहा माणसांवर ओरडणारा माणूस, जिभेखाली काच धरून, गाल फुगवून, माझ्याकडं टकामका बघत बसला. दिराला तशातही हसू आलं. सासऱ्यांनी नुसते डोळे वटारले.

सदतीस. नवऱ्याला लावला, सदतीस. सदतिसाला नवानं गुणलं, पाचानं भागलं, बत्तीस मिळवले. अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा. बाणापेक्षा फक्त दोन दशांश जास्त. रीत बरोबर होती! पण ते दोन दशांश मला टोचत राहिले. म्हटलं, हिच्या तापातूनही तेवढे काढून बघावेत, आपल्या मनाला शंका नको. काढले. तरी एकशे तीनच्या वर, केसभर का होईना.

मी सगळं सासऱ्यांना सांगितलं, त्या केसासकट. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी ते कोळशाच्या आकड्यांकडं वाकून बघत होते, उथळ पाण्यातला खडक हेरावा तसे. "म्हंजे वरच ना?"

"वरच, मामा. नक्की."

ते उठले आणि झापं ओढून काढायला लागले.

बघता बघता वाडा किनाऱ्यावर जमला. म्हातारे ओरडत होते, एकानं तर होडीपुढं आडवे हात केले. सासरे खांदा लावून लोटत राहिले. नवरा आणि दीर वल्ह्यांवर, सासूबाई बाळाला पोटाशी घेऊन, जावेचं डोकं माझ्या मांडीवर. पाणी गढूळ, उसळतं. प्रत्येक हिसक्याला ती विव्हळायची आणि माझ्या मनात यायचं, चुकलं असेल तर? पुन्हा गुणायचे, भागायचे, मिळवायचे. किती वेळा ते देवाला ठाऊक.

डॉक्टरांनी तिला खाटेवर घेतलं आणि आपला थर्मामीटर लावला. तो काढून उजेडाला धरला तसा सासऱ्यांनी त्यांचा हातच धरला. "डाक्तर, तुमी बोलू नका. आदी ही सांगल." डॉक्टर चक्रावले. ओल्या कपड्यांतच मी सांगितलं. सकाळी विलायती नळीवर मोजला, गणित केलं, एकशे तीन पूर्णांक तीन.

डॉक्टरांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा काचेकडं. "एकशे तीन पूर्णांक चार."

"तेवढा एक होडीत वाढला असंल," सासरे म्हणाले, आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले.

इंजेक्शनं लगेच सुरू झाली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "गर्भाशयात विष भिनायला लागलं होतं, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर माझ्या हातात काही राहिलं नसतं." जाऊ चौथ्या दिवशी उठून बसली आणि भाकरी मागितली. मी दिली. सासूबाईंनी केली होती, कडा करपलेली, आणि तिनं ती कडांसकट सगळी खाल्ली.