पक्क्या घराचा फोटो

३० एप्रिल. मागच्या भिंतीला पोतारा देत होते. पांढरी माती भिजवलेली, हातात चिंधी, अर्धी भिंत झालेली. तेवढ्यात शेजारीण कुडावरून ओरडली, "घरकुलाची यादी लागली वो! तुमचं नाव दुसऱ्याच कागदावर हाये."

दुसरा कागद म्हणजे अपात्रांचा. हात न धुताच मी ग्रामपंचायतीत गेले. नाव होतं. पुढे कारण लिहिलेलं: पक्के घर.

आमच्या घराला मातीच्या भिंती आणि वर टिनं. मागची भिंत गेल्या पावसाळ्यात फाटली. भेगेत मनगटापर्यंत हात जातो. त्याच भिंतीला लागून सासूबाईंची खाट. ती हलवायला दुसरी जागा नाही. आणखी एक पावसाळा ती भिंत काढणार नाही, हे सांगायला मिस्त्री लागत नाही.

"पक्कं कोणी लिहिलं?" मी ग्रामसेवकांना विचारलं.

त्यांनी मोबाइल पुढे केला. "तुम्हीच पाहा ताई. एवढं चकाचक तर माझंही घर नाही."

फोटो आमच्याच घराचा होता. दिवाळीनंतर पाहणीला साहेब येणार म्हणून मी दोन दिवस राबले होते. भिंतींना चुना, खाली निळा पट्टा, दारात रांगोळी. शेजारणीच्या चार खुर्च्या आणि तिचाच टेबलफॅन. भेगेवर माझी जांभळी साडी खिळे ठोकून पडद्यासारखी ताणली होती. आमच्याकडे परका माणूस दारात येणार म्हटलं की असंच करतात. फाटकं दाखवायचं नसतं. साहेबांनी चहा घेतला, "छान ठेवलंय घर" म्हणाले, फोटो काढला आणि गेले. मी दिवसभर खूश होते.

"साडीमागं भेग हाये," मी म्हटलं.

"साडीमागचं फोटोत येते काय? उद्या ग्रामसभा आहे. तिथं हरकत घ्या. ठराव झाला तर पुन्हा पाहणी होईन. मालकाले पाठवा."

"मालक नांदुऱ्याले पोते उचलून राह्यले. अन् घर माझ्या नावावर हाये. नमुना आठ काढून पाहा."

"बायका बोलत नाहीत हो सभेत."

"मंग उद्या ऐका."

बाकड्यावर बसलेले दोघे हसले. हसू दे. स्वच्छ घर ठेवणं हा गुन्हा नाही. पण स्वच्छ म्हणजे पक्कं, असं लिहिणाऱ्यानं एकदा भिंतीला हात लावून पाहायचा होता.

घरी सांगितलं तर सासूबाई माझ्यावरच उलटल्या. "साऱ्या गावाले फुटकी भिंत दाखवतं काय वं? सोयरे काय म्हणतीन?"

"भिंत पडल्यावर सोयरे येतीनच, आई. तुमच्या मातीले."

मी खिळे उपटले आणि दिवाळीपासून तिथंच ताणलेली साडी उतरवली. भेगेतून पलीकडच्या गोठ्यातली म्हैस दिसत होती. फोन काढला, पण नुसत्या फोटोत भेग केवढी ते कळेना.

"आई, हात घाला भेगेत."

"मी काऊन?"

"खाट तुमची हाये म्हणून."

त्या उठल्या. "हात येऊ दे फोटोत. तोंड नको."

बांगड्यांपर्यंत हात आत गेला. तीन फोटो काढले, फाट्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणले, अर्ज लिहिला, दोन प्रती केल्या. भिजवलेली माती अंगणात ओतून टाकली. अर्धी भिंत पांढरी, अर्धी तशीच. आता ती तशीच राहणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तीच जांभळी साडी नेसले. खिळ्यांची भोकं नेमकी पदरावर आली. ती झाकली नाहीत. झेंडावंदन झालं, सभा भरली. बायका नेहमीप्रमाणे मागे, दाराजवळ बसल्या. मी पुढच्या सतरंजीवर बसले. ग्रामसेवकांनी विषय वाचायला कागद उघडला, तशी उभी राहिले आणि म्हटलं, "पहिला विषय माझ्या घराचा. इथं घ्या, नाहीतर सारे माझ्या भिंतीपाशी चला. मी दोन्हीले तयार हाये."