खुर्ची गिऱ्हाईकाची

विसरण्याचा आजार झालेल्यांच्या निवासात बाबांना ठेवलं, तेव्हा तिथल्या मोठ्या बाईंनी माझ्या हातात एक पत्रक दिलं. वर छापलं होतं, ‘माझी ओळख’. माणसाला काय आवडतं, कशाचा त्रास होतो, कशानं जीव शांत होतो, हे घरच्यांनी लिहून द्यायचं, म्हणजे सेवकांना नव्या माणसाला सांभाळणं सोपं जातं. मी एका बैठकीत भरून टाकलं. स्वभाव: शांत. व्यवसाय: केस कापायचं दुकान, आता बंद. आवड: रोज सकाळी गुळगुळीत दाढी. नोकरीच्या अर्जात लिहावं तसं सगळं छान छान.

महिनाभरात त्या शांत माणसानं एका सेवकाला ढकललं आणि दुसऱ्याचा चष्मा फोडला. भांडण दाढीच्या वेळी. खुर्चीत बसवलं की उठायचे, पुन्हा बसवलं की हात उगारायचे. बाईंनी बोलावून सरळ सांगितलं, असंच चाललं तर गुंगीचं औषध सुरू करावं लागेल, मग दिवसभर पडूनच राहतील. पत्रक पुन्हा भरा म्हणाल्या, या वेळी नीट आठवून. मला रागच आला. माझ्याच बापाच्या विषयात मी नापास? पण राग धरून ठेवायचंही त्राण उरलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी दाढीच्या वेळी मी कोपऱ्यात उभा राहिलो. सेवकानं बाबांना खुर्चीत बसवलं. ते उठले, खुर्चीच्या मागे गेले आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. त्यानं पुन्हा आणून बसवलं. पुन्हा तेच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा. दुकान रिकामं असलं तरी बाबा तिथल्या खुर्चीत कधी टेकले नाहीत. जेवण बाकावर, पेपर बाकावर. खुर्ची गिऱ्हाईकाची. स्वतःची दाढीसुद्धा ते आरशासमोर उभ्यानं करायचे. हे सगळं बघत मी मोठा झालो आणि लिहिताना एक ओळ सुचली नाही.

मी जाऊन खुर्चीत बसलो. बाबांनी टॉवेल झटकला आणि माझ्या गळ्याभोवती बांधला. सेवकानं पातं काढलेला वस्तरा दिला. बाबांचा हात जराही थरथरला नाही. माझी हनुवटी दोन बोटांनी उचलून त्यांनी गप्पाही सुरू केल्या.

“नवीन दिसता. इकडेच राहता का?”

“हो,” मी म्हणालो. “तुम्हाला मुलंबाळं?”

“एक मुलगा आहे. दुसऱ्या कोणाच्या हाती डोकं देत नाही. मान मात्र फार हलवतो.”

मी मान हलवली नाही. वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही, आत नुसतं बधिर होतं. माझं झाल्यावर सेवकानं साधा सेफ्टी रेझर पुढे केला, आणि त्यांनी आरशासमोर उभं राहून स्वतःची दाढी केली, कोणावर हात न उगारता.

पुढच्या आठवड्यात मला जमलं नाही तेव्हा निवासाचा ड्रायव्हर त्या खुर्चीत बसला, एकदा स्वयंपाकी बसला. बाबा तितकेच खुशीत. बाईंनी फोनवर सांगितलं, औषधाची गरज नाही. मग मी जाऊन पत्रक नव्यानं भरलं. दाढीआधी समोर कोणाला तरी खुर्चीत बसवावं, असं लिहिलं. खाली छापलं होतं, ‘जवळ कोण असलेलं बरं वाटतं?’

मी लिहिलं, कोणीही चालेल.