भोपळ्याच्या वेलापाशी

बालवाडीच्या परसातल्या भोपळ्याला फुलं आली, तेव्हा मधमाशी दाखवायला मी मुलांना सकाळीच वेलापाशी बसवलं. माशी एका फुलातले पराग दुसऱ्या फुलात नेते, तेव्हा कुठं भोपळा धरतो, असं सांगितलं. आम्ही वाट पाहिली. ऊन चढून फुलं मिटायला लागली, तरी एकही माशी फिरकली नाही.

मग छोट्या सुमीनं एक फूल खुडून दुसऱ्यात घासलं. "बाई, आमच्याकडं हे आईच करते."

बघता बघता सगळीच मुलं तोंडानं गुंऽऽ करत फुलं घासू लागली. मला हसू आलं. पण डोक्यावर जांभळाचं झाड शेंड्यापर्यंत फुललेलं होतं. तिथवर कुणाच्या आईचा हात पोचणार? मुलं दमून थांबली, आणि वरून काहीच ऐकू आलं नाही.