एल्विया सगळ्यांच्या मागे का राहते

एल्विया चुल्दे कुणालाही आपल्या मागे सायकल चालवू देत नाही. राजधानी कीतोहून जाड टायरच्या, कागदासारख्या हलक्या सायकली घेऊन लोक येतात, चिलेस ज्वालामुखीच्या अंगाखांद्यावरच्या खडीच्या वाटांवर चालवायला. त्यांना वाटतं, ही बाई अदबीची आहे, पाहुण्यांना पुढे घालते. मलाही कितीतरी वर्षं तसंच वाटत होतं.

वाटा तिच्याच. अकरा वाटा तिने बसवल्यात. प्रत्येक वाट आधी एकटीने दोन-तीनदा चालवायची, सुटे दगड बाजूला सारायचे, पाणी कुठे मिळेल, कुत्री कुठे सोडलेली असतात, सगळं डोक्यात ठेवायचं. टायरखालच्या आवाजावरून ती जमीन ओळखते. काळी रवाळ खडी कुरकुरते, पांढरा हलका दगड सरकतो, आणि पिवळी राखमाती भिजली की साबण. चढावर कुणी धापा टाकायला लागला की मागून तिचा आवाज यायचाच, "काय हो डॉक्टर, सायकल चालवताय की तिला फिरायला आणलंय?"

फिरून सगळे माझ्या खाणावळीत जेवतात. फाट्यावर आहे, पालो ब्लांको गावात शिरायच्या आधी. बटाट्याचं दाट सूप, मक्याचे दाणे, गुळाचं गरम पाणी आणि त्यात चीजचा तुकडा. एल्विया आत येताना ओरडते, "वहिनी, सहा वाघ आणलेत, उपाशी!"

खरं तर मी तिची वहिनी नव्हे. तिच्या भावाशी, नेप्तालीशी, माझं लग्न ठरलं होतं. तो बावीसचा, ती सतराची. दोघं सायकलींवर चीजच्या पेट्या बांधून डोंगरापलीकडच्या मोठ्या रस्त्यापर्यंत न्यायची. लग्नाला तीन आठवडे होते तेव्हा एल्विया एकटीच घरी आली. म्हणाली, "खिंडीत मला म्हणाला, तू जा पुढे. मी कोलंबियात काम बघतो. आणि गेला."

सरहद्दीच्या पलीकडे लोकांनी तपास केला, काही कळलं नाही. गावात बायका बोलायच्या, क्लेमेन्सियाचं, म्हणजे माझं, तोंड बघून पळाला. मी ऐकून घेतलं. रात्री नव्हे, भर दुपारी, भांडी घासताना मी त्याला शिव्या द्यायचे. पुढे कुणी विचारलं तरी लग्न केलं नाही. एकदा सोडलेल्या बाईला दुसऱ्यांदा सोडून जाणं सोपं असतं, असं मनात बसलं होतं.

गेल्या वर्षी महिनाभर जमीन हलत होती. कपाटातले पेले वाजायचे, कोंबड्या अंडी द्यायच्या थांबल्या. खालचा रस्ता दोन ठिकाणी खचला. त्यानंतरच्या पहिल्या गटात सहा जण होते. एल्विया सकाळी माझ्याकडे कॉफी प्यायला आली, कप तसाच ठेवून म्हणाली, "आज सिल्बोवरून न्यावं लागणार."

सिल्बो म्हणजे शिट्टी. त्या वाटेवरच्या एका वळणावर वारा शिट्टी घालतो म्हणून ते नाव. त्या वाटेने ती कधी कुणाला नेत नसे.

"तिथली खडी वाईट आहे म्हणतेस ना?" मी विचारलं.

"वाईटच आहे," ती म्हणाली आणि उठली.

दुपारी दोनच्या सुमाराला सहा जण आले. एल्विया नव्हती. त्यांच्यातली ग्रेसिएला नावाची एक दंतवैद्य हात शेकत म्हणाली, "बाई म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढे, मी आलेच. तासभर झाला. धुकंही उतरलंय."

"कुठे थांबली?"

"त्या शिट्टीच्या वळणावर. तिथे खालचा उतार नवीनच घसरलाय. राखेतून एक जुनी सायकल वर आलीय, आम्ही फोटो काढत होतो. हिरवी. मागे पेटीची तार अजून गुंडाळलेली."

मी चुलीवरचं पातेलं खाली उतरवलं. ती हिरवी सायकल मीच रंगवली होती. आमच्या खिडक्यांचा उरलेला रंग होता, नेप्ताली म्हणाला होता, "म्हणजे वाटेत कुठेही असलो तरी तुझी खिडकी सोबत."

शेजारच्या लाउरेआनोची घोडी घेऊन मी वर गेले. दीड तासाची वाट. वर फ्रायलेहोनची झाडं माणसाएवढी, अंगावर लोकर पांघरल्यासारखी पानं. धुक्यात ती ओळीने उभी असतात आणि दर वेळी वाटतं, त्यातलं एखादं आत्ता हलेल. लहानपणापासून बघतेय, तरी त्या दिवशी मी एका झाडाला नेप्तालीच्या नावाने हाक मारली.

एल्विया वळणावर कडेला बसली होती, पाय खाली सोडून. तिची सायकल आडवी पडलेली. खाली वीस-पंचवीस हातांवर हिरवं हँडल दिसत होतं. वारा शिट्टी घालत होता.

"वहिनी, तू कशाला आलीस?"

"सांग," मी म्हणाले. "कोलंबिया सोडून काय ते सांग."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "माझ्या सायकलीचे ब्रेक गेले होते. रबरांचा पार भुगा झालेला. सकाळी तो गाईला पाणी पाजत होता तेव्हा मी त्याच्या ब्रेकची नवी रबरं काढून माझ्या सायकलीला लावली. माझी त्याला. वाटलं, एक दिवस काय होतंय. उतारावर मी पुढे होते. मागे त्याच्या चाकाची टिकटिक येत होती. तो ओरडला, हळू जा गं, माझे ब्रेक लागत नाहीत. मी हसले, वहिनी. आणखी जोरात सोडली. मग टिकटिक थांबली."

"मग?"

"परत आले. धुकं होतं. काही दिसेना. एकदा माझं नाव ऐकू आलं."

"त्याने हाक मारली?"

"हाक होती का ही शिट्टी होती, मला आजपर्यंत कळलेलं नाही. माणसं आणायला घरी धावले. दारात आईने विचारलं, नेप्ताली कुठाय? आणि तोंडातून कोलंबिया निघालं. एकदा निघालं ते निघालं. दुसऱ्या दिवशी पहाटे परत आले, दुपारपर्यंत हाका मारल्या. राख घसरून सगळं सपाट झालं होतं."

 मला एवढंच सुचलं, "ती रबरं कुठे आहेत?"

"छपराच्या वाशात खोचलीत."

दुसऱ्या दिवशी गावातली माणसं दोर घेऊन उतरली. हाडं थोडीच होती, अंगावर घ्यायच्या एका पोंचोत मावली. एक बूट. सायकलीच्या ब्रेकला रबराचा मागमूस नव्हता.

एल्विया-नेप्तालीची आई, एर्मेलिंदाबाई, ऐंशीची आहे. एल्वियाने तिच्यापुढे गुडघे टेकून सगळं सांगितलं. म्हातारी सोलत असलेला बटाटा सोलत राहिली. मग म्हणाली, "पोरी, तू झोपेत बोलतेस. पहिल्या आठवड्यापासून बोलतेस."

"आई, तुला माहीत होतं?"

"एक गेला होता. विचारलं असतं तर तूही त्या वळणावरून खाली गेली असतीस."

मी तिथेच उभी होते. माझा कुणी विचार केला नव्हता, ना लेकीने ना आईने. सव्वीस वर्षं मी एका मेलेल्या माणसाला पळपुटा म्हणत होते, आणि तो माझ्या अंगणापासून दीड तासावर होता. नेप्तालीला मातीत घातल्यावर मी एल्वियाशी आठ महिने बोलले नाही. तिचे सायकलवाले जेवून जात, ती बाहेर दगडावर बसून राही.

जूनमध्ये एक दिवस गारांचा पाऊस आला. मी दार उघडून म्हणाले, "आत ये. मरशील तिथे."

ती आली, ओली, दाराजवळच बसली. मी सूप दिलं. बऱ्याच वेळाने विचारलं, "कानातली टिकटिक थांबली का?"

"नाही," ती म्हणाली. "मी सगळ्यांच्या मागे असते, माझ्या मागे कुणी नसतं, तरी येते. पूर्वी वळणापर्यंतच यायची. पुरल्यापासून घरापर्यंत येते."

"घाबरतेस?"

"नाही गं. आई दार लावत नाही आता. म्हणते, राहू दे उघडं."

मी तिला माफ केलं असं कुणी समजू नये. ते माझ्याने होत नाही, प्रयत्न करून पाहिला. पण दुपारी गिऱ्हाईक गेलं की मी भांडी घासते तेव्हा तोंडात शिव्या येत नाहीत. त्या जागी काय म्हणायचं ते मला अजून सापडलेलं नाही, म्हणून नुसतीच घासते. एल्विया पुसून फळीवर लावते. आमचं बोलणं फार होत नाही. कधी बाहेर एखाद्याची सायकल टिकटिकत उतारावरून येते, तेव्हा दोघींचे हात थांबतात, आणि ती निघून जाईपर्यंत आम्ही एकमेकींकडे बघत नाही.