नऊ नंबरचा डावा बूट

रंगाऱ्याने स्वच्छ सांगितलं, की कपाट रिकामं करून हलवल्याशिवाय मागच्या भिंतीला तो ब्रश लावणार नाही. शिक्केवाल्यांनी बरीच टाळाटाळ करून पाहिली. "ती भिंत राहू दे, दिसते कुणाला?" असंही म्हणून झालं. शेवटी त्यांच्या बायकोने बाह्या सरसावल्या, कपाटाचा खालचा खण उघडला आणि आतले सगळे बूट काढून पलंगावर मांडले. काळे, कोरे, एकाही तळव्याला धूळ न लागलेले. सगळे डाव्या पायाचे.

नेमक्या त्याच वेळी विहीणबाई दारात उभ्या राहिल्या. म्हणजे शिक्केवाल्यांच्या मुलीच्या सासूबाई. रंग कुठला निवडला ते बघायला सहज आल्या होत्या.

शिक्केवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी ट्रकच्या धडकेत त्यांचा डावा पाय मांडीपासून गेला होता. कृत्रिम पाय लावून पाहिला, पण तो कातडी सोलून काढायचा, म्हणून कुबड्या जवळ केल्या. पुढे रबरी शिक्के करायचं दुकान टाकलं. बसून करायचं काम, उलटी अक्षरं सुलट वाचायची सवय, आणि बारीकसारीक चुकीवर घारीची नजर. त्यात त्यांचा चांगला जम बसला. माणूस टापटिपीचा. "एकच पाय आहे, तो तरी नीट दिसू दे," म्हणायचे आणि रोज बुटाला पॉलिश करायचे. पण दुकानात एक बूट कोण देतो? जोडच घ्यावा लागायचा. उजवा झिजून जायचा आणि डावा कपाटात. टाकून द्यायला हात धजायचा नाही. कोरी वस्तू टाकायची कशी, असं ते वरवर म्हणायचे. खरं कारण त्यांनी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

विहीणबाई पलंगापाशी आल्या. एक बूट उचलून उलटा करून पाहिला. आता त्या हळहळणार, अशा तयारीने शिक्केवाल्यांनी मान खाली घातली.

"नंबर काय हो तुमचा, व्याही?" त्यांनी विचारलं.

"नऊ."

"मग नऊ नंबरचा, फक्त डावा पाय असलेला माणूस कुठेतरी असणारच की. त्याच्या घरी उजव्यांचा ढीग पडला असेल. त्याची बायकोही अशीच वैतागली असेल."

बायको फिस्सकन हसली. शिक्केवाले मात्र बघतच राहिले. एवढ्या वर्षांत हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

"पण तो सापडायचा कसा?"

"वेबसाइट काढा," विहीणबाई म्हणाल्या, चहा टाका म्हणावं इतक्या सहज.

विहीणबाई ग्रंथालयात कॉम्प्युटर विभाग सांभाळून निवृत्त झालेल्या. गच्चीवर निवडुंग वाढवायच्या आणि त्या निवडुंगांची स्वतःची वेबसाइट चालवायच्या. भिंतींचा रंग वाळेपर्यंत धीर न धरता, दुसऱ्याच दिवशी दुपारी त्या लॅपटॉप घेऊन शिक्क्यांच्या दुकानात हजर झाल्या. आतापर्यंत दोन्ही घरांत "या, बसा, घ्या ना थोडं" एवढंच बोलणं असायचं. आता शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसायची वेळ आली, आणि शिक्केवाले आधीच अवघडून गेले.

"हे बघा, होस्टिंग म्हणजे भाड्याची खोली. आपला मजकूर, आपले फोटो तिथे ठेवायचे. आणि डोमेन म्हणजे दारावरची पाटी. लोक पाटी वाचून येतात. दोन्ही घ्यावं लागतं."

पाटीवरूनच पहिला वाद झाला. शिक्केवाल्यांना 'डावा बूट' हवं होतं. ते नाव कुठल्याशा फुटबॉल क्लबने आधीच घेतलेलं निघालं. मग त्यांनी सरकारी शिक्क्यावर शोभतील अशी भारदस्त नावं सुचवायला सुरुवात केली. विहीणबाई प्रत्येक नावाला नाक मुरडत होत्या. जेवणाचा डबा घेऊन आलेल्या बायकोने दारातूनच म्हटलं, "दोघांत एक जोड, असं ठेवा की." दोघं एकमेकांकडे पाहू लागले. ते नाव मोकळं होतं.

खातं उघडलं. पासवर्ड ठरवताना शिक्केवाल्यांनी विहीणबाईंना तोंड फिरवायला लावलं, आणि दुसऱ्या दिवशी तो विसरून त्यांच्यासमोरच डोक्याला हात लावला. मग मजकूर लिहायची पाळी आली. त्यांनी लिहिलं: 'कळविण्यात येते की, खाली सही करणार याजकडे डाव्या पायाची पादत्राणे उपलब्ध आहेत.' विहीणबाईंनी वाचलं.

"व्याही, ही नोटीस झाली. ही वाचून कोण येईल? पोलीस?"

ते फुगले. घरी जाऊन बायकोलाही वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "दुकानात नवा बूट घालून बघताना तुम्ही दुसरा हळूच खोक्यात ढकलता ना, ते लिहा."

"ते तुला कधी दिसलं?"

"दर वेळी दिसतं," ती म्हणाली. "मी मुद्दाम दुसरीकडे बघते."

 शिक्केवाल्यांनी कागद ओढला आणि बोलल्यासारखं लिहिलं: 'माझा उजवा पाय आहे, डावा नाही. नऊ नंबर लागतो. नवीन जोड आणला की डावा बूट उरतो. तो टाकवत नाही. तुमच्याकडे असाच उजवा उरत असेल, तर आपण एकमेकांच्या उपयोगी पडू.'

विहीणबाईंनी या वेळी एक काना-मात्राही बदलला नाही. चष्मा मात्र उगाच पुसला.

फोटो हवाच, असा त्यांचा आग्रह होता. शिक्केवाल्यांनी पायाचा फोटो कधी काढू दिला नव्हता. अपघातानंतरच्या सगळ्या फोटोंत ते टेबलामागे नाहीतर कुणाच्या तरी पाठीमागे उभे. पण बायको मोबाइल घेऊन सरळ जमिनीवरच बसली. "हलू नका," म्हणाली. एक पाय, चकचकीत बूट, शेजारी दोन कुबड्या. फोटो छान आला. फक्त इतका मोठा होता, की पान उघडायला युगं लागली असती. विहीणबाईंनी तो लहान करून चढवला.

सगळं त्या भाड्याच्या खोलीत, म्हणजे फाइल मॅनेजरमध्ये, ठेवून झालं, पत्ता टाइप केला, तर कंपनीचं 'ही जागा लवकरच सुरू होईल' असं पान उघडलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. विहीणबाईंनी फायलींची नावं पाहिली आणि कपाळावर हात मारला. पहिल्या पानाच्या फाइलचं नाव इंडेक्स. ते शिक्केवाल्यांनी टाइप केलं होतं, पहिलं इंग्रजी अक्षर मोठं काढून.

"नाव म्हटल्यावर पहिलं अक्षर मोठंच काढतात!" ते म्हणाले. "आयुष्यभर तेच केलंय."

"इथे मानपान नाही, व्याही. सगळी लहान."

अक्षर लहान केलं आणि पान उघडलं. वरती 'दोघांत एक जोड', खाली फोटो, त्याखाली त्यांचे शब्द. शिक्केवाले खुर्चीत मागे रेलले. त्यांनी केलेले शिक्के गावभर उमटत होते, पण ते सगळे दुसऱ्यांच्या नावाचे. "माझं आहे हे," ते हळूच म्हणाले. विहीणबाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

पुढे काहीच झालं नाही. पान रोज उघडून बघायचं, भेट देणारे वाढलेले दिसायचे, आणि ते सगळे म्हणजे हे तिघंच, असं कळायचं. बायकोने विषय काढणं सोडलं. मग एका सकाळी निरोप आला, एका संगीत शिक्षिकेचा. तिलाही उजवाच पाय, पण नंबर पाच. जोड जुळण्यासारखा नव्हता, तरी तिने लिहिलं होतं, 'हा विचार करणारी मी एकटीच नाही, हे कळून बरं वाटलं.' शिक्केवाल्यांनी तिच्या परवानगीने पानावर तिचीही ओळ घातली. मग आणखी कुणी आलं, आणखी कुणी. एकाचे दोन्ही पाय होते, पण वेगवेगळ्या मापाचे.

आणि एके दिवशी तो सापडला. डावा पाय, नऊ नंबर. जवळच्याच शहरात बेकरी चालवणारा.

रविवारी बेकरीवाले पोतं भरून उजवे बूट घेऊन बसने आले. आवाज एवढा, की शेजारच्यांनी खिडक्या उघडल्या. "साखरेने पाय नेला," ते दारातच म्हणाले, "आणि मी अजून केकच करतोय बघा!" समारंभासारखं पोतं उघडलं गेलं. शिक्केवाल्यांचा चेहरा पडला. पांढरे, तांबडे, एकावर निळे पट्टे, एकाला चंदेरी नाड्या.

"हे... तुम्ही घालता?"

"पिठात उभा असतो दिवसभर. काहीतरी रंग नको? आणि तुमचे हे सगळे काळेच? कुणी गेलं का घरात?"

विहीणबाईंना हसू आवरेना, आणि शिक्केवाल्यांची बायको तर भिंतीला टेकून हसायला लागली. अखेर बेकरीवाल्यांनी काळे बूट लग्नकार्याला म्हणून घेतले, आणि शिक्केवाल्यांनी त्यातला त्यात सोज्वळ असा तांबडा पायात चढवला. माप अगदी बसलं. ते खोलीत एक फेरी मारून आले. बायको बघत होती, आणि या वेळी तिने नजर दुसरीकडे वळवली नाही.

संध्याकाळी शिक्केवाले आणि बेकरीवाले मिळून बुटांच्या दुकानात गेले. दोन तास भांडून एक तपकिरी जोड पसंत केला, दोघांनाही सारखाच नापसंत.

"कुणासाठी आहे?" विक्रेतीने विचारलं.

"दोघांसाठी," बेकरीवाले गरजले. तिने आधी एकाकडे, मग दुसऱ्याकडे, मग खाली पाहिलं, आणि दुसरं खोकं शोधायला आत गेली.

सोमवारी सकाळी शिक्केवाल्यांनी विहीणबाईंना न बोलावता स्वतः खातं उघडलं आणि पानावरच्या आपल्या ओळीपुढे 'मिळाला' असं लिहिलं. एक नवा निरोप येऊन पडला होता. एका आईने लिहिलं होतं, मुलगी चार वर्षांची, डावा पाय आहे, वाढतं वय, दर काही महिन्यांनी नंबर बदलतो.

"अगं, इकडे ये जरा," त्यांनी बायकोला हाक मारली. ती ओले हात पुसत आली, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तिने निरोप वाचला. मग दुसरी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली.

"लिहा," ती म्हणाली. "मी सांगते तसं लिहा."