धान, गवत आणि एकच कात्री

सातवीतच शाळा सुटली होती. तरी माझ्या गावापासून इतक्या दूर, जाम गावाजवळच्या धानाच्या बांधीत, संशोधक मॅडमनी मला करपा रोग पडलेली पानं कापून पाकिटात भरायचं काम दिलं. धानावरची बुरशी आणि धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या कडेच्या, गवतावरची बुरशी एकाच कुळातली की वेगळी, हे त्यांना तपासायचं होतं. प्रत्येक पानानंतर कात्री स्पिरिटनं पुसायची होती. घरी दोन्ही एकाच विळ्यानं कापायची सवय. दुपारपर्यंत मी पुसलीच नव्हती. काम जाईल अशी भीती वाटली, पण मॅडमना सांगून टाकलं.

"मंग एकाची बुरशी दुसऱ्याले लागली असन. फेकून दे सारे पाकिटं," मॅडम म्हणाल्या. "बोलली नसतीस, तर आपलं उत्तरच खोटं निघालं असतं वं."

दुसऱ्या दिवशी कात्री त्यांनी माझ्याच हातात दिली.